नमुना नऊ

मार्चअखेर. पंख्याखाली नमुना नऊची पानं उडू नयेत
म्हणून मी त्यांवर कालव्याची जाड शिंप ठेवते.
घर क्रमांक एक ते तीनशे बारा,
मागणीच्या रकान्यात जुन्या आकड्यावर लाल रेघ,
वर नवा आकडा, बाजूला माझी सही.
गेल्या एप्रिलात तीनशे बारा वेळा
मी गावाला निम्मं केलं.

ठराव सव्वीस जानेवारीच्या सभेत झाला,
झेंड्याची बुंदी वाटून झाल्यावर.
सूचक मोतीराम तांडेल, अनुमोदक इनास डिमेलो.
टाळ्या पडल्या. इतिवृत्तात मी लिहिलं, 'सर्वानुमते'.
वर झालेल्या हातांत माझाही होता.
चिऱ्याच्या दोन खोल्या, पत्र्याची पडवी,
सहाशे चाळीसचे तीनशे वीस.
कुणाला नको असतं?

लक्षीमावशी खवणेकर
वीस वर्षांत पहिल्यांदा बाकी फेडून
पावती घेऊन गेली.
ओल्या बोटांनी धरली, शाई पसरली,
कागदाला बांगड्याचा वास लागला.
"सरकारान एकदा तरी
माझ्या घराकडे बघल्यान गो बाये."
हे मी विसरणार नाही.
हे विसरून केलेली बेरीज खोटी येते.

पण वर कातळावर
समुद्राकडे तोंड करून बसलेले ते सोळा बंगले,
निळं पाणी भरलेले हौद, फाटकावर कॅमेरा,
मालक म्हणून कंपनीचं नाव, पत्ता पुण्याचा,
त्यांचंही निम्मं झालं. तोच पेन, तीच रेघ.
एका बंगल्याला सूट नऊ हजारांची.
लक्षीमावशीला एकशेचाळीसची.
ठरावात 'सरसकट' हा शब्द होता.
लिहिताना मला तो दयाळू वाटला होता.

मग खर्चाची बाजू.
जेटीवर अकरा दिवे होते, आता चार.
पाणी सोडणारा गजा पालव अर्ध्या मानधनावर,
म्हणून नळ दिवसाआड;
उरलेल्या दिवशी तो कातळावरचे हौद घासतो,
तिथे पैसे हातोहात मिळतात.
कचऱ्याचा टेम्पो शाळेमागे उभा,
हौद्यात कुत्रीनं पाच पिल्लं घातलीत
आणि खरं सांगायचं तर
त्याचा एवढा चांगला उपयोग याआधी झाला नव्हता.
गटारं, फवारणी, अंगणवाडीचं छप्पर,
सगळ्यांपुढे एकच शेरा:
'निधी उपलब्ध झाल्यावर'.
हे तीन शब्द माझा हात आता
माझ्याशिवाय लिहितो.

मोतीराम म्हणतो, वरून अनुदान येईल.
वरून म्हणजे कुठून, हे विचारलं
की तो छताकडे बघतो.
तिथे पंखा आहे.

नोव्हेंबरात पहाटे चारला होड्या लागल्या.
शेवाळलेल्या तिसऱ्या पायरीवर
लक्षीमावशीचा पाय सरकला, टोपली खाडीत,
मनगट मोडलं.
प्लास्टर गळ्यात अडकवून ती इथे आली,
या बाकावर बसली, भांडली नाही.
"पट्टी उतरली ती बरी झाली.
पण जेटीवरलो दिवो खंय गेलो?"

उत्तर माझ्या समोरच होतं,
पान एकवीस, दिवाबत्ती कर, लाल रेघ, माझी सही.
मी तिला चहा मागवला.

आज पुढल्या सभेची विषयपत्रिका टाईप केली.
विषय सात: आकारणीचे फेरदर.
कौलांना, पत्र्यांना सूट तशीच राहावी;
कातळावरच्यांना जुना दर, वर थोडा जास्त.
ग्रामसेवक म्हणाले, कर्मचाऱ्यानं सुचवू नये.
बरोबर आहे. कर्मचाऱ्यानं सुचवू नये.
म्हणून नाव न घालता लिहिलं,
सूचक: घर क्रमांक दोनशे चार,
चालू पट्टी भरलेली, थकबाकी निरंक.

अनुमोदकाची जागा मोकळी आहे.
कागद उडतोय.
मी शिंप उचलून तिथे ठेवली.